मागे राहिलेली प्रत

पाठचिकित्सेच्या तासाला एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणे दरवर्षी जड जाते. दहा हस्तलिखितांत एक पाठ आहे आणि अकराव्यात वेगळा आहे; मग दहांचे का मानायचे नाही? बहुमताचा संस्कार आपल्यावर इतका खोल असतो की, त्या दहा प्रती एकाच प्रतीवरून उतरवल्या असतील तर तो एकच साक्षीदार दहा वेळा बोललेला असतो, हे वहीत उतरते आणि मनात उतरत नाही. हल्ली मी या ठिकाणी पोथ्यांचे उदाहरण नंतर देते. आधी आमच्या ग्रंथालयातल्या सर्व्हरची हकिकत सांगते. ती २०२४ च्या मे महिन्यातली आहे, आणि पोथ्यांशी तिचा संबंध मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ जवळचा निघाला.

सर्व्हर म्हणजे नियतकालिकांच्या बांधीव अंकांशेजारी ठेवलेले एक काळे खोके. त्यावर ‘कोहा’ ही ग्रंथालयाची प्रणाली चालते. (न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ती लिहायला घेतली गेली, ‘कोहा’ हा माओरी शब्द, अर्थ भेट. फुकट मिळणाऱ्या वस्तूला इतके नेमके नाव क्वचितच मिळाले असेल.) कोहाच्या खाली ‘डेबियन’ ही संचालन प्रणाली, म्हणजे सगळे जण जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, आणि तिच्याही खाली दोन डिस्क, एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून नेमलेल्या. जे एकीवर लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते. एक निकामी झाली तर दुसरी काम चालू ठेवते, वाचकाला पत्ताही लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कच्या जुड्यांवर एक निबंध लिहिला, त्यात अशा रचनांना पायऱ्या नेमून दिल्या आणि आरशाला पहिली पायरी दिली. तेव्हापासून जगभर तिला ‘रेड वन’ म्हणतात.

आरसा म्हटले की आपल्याला सुरक्षित वाटते. पण आरशाला स्मरण नसते, हे त्याच्या नावातच आहे. आपण चुकून एखादी फाइल पुसली तर तो ती दुसऱ्या डिस्कवरूनही तत्परतेने पुसतो. चुकीचे काही लिहिले तर तेही दोन ठिकाणी, सारखेच, अक्षर न अक्षर. डिस्क बिघडली तर तो आपल्याला तारतो. आपण बिघडलो तर नाही.

आमच्या बाबतीत हे घडून गेले होते. सर्व्हरच्या एका कप्प्यात नाटे आणि परिसरातल्या बोलीचा शब्दसंग्रह आहे. नाटे राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी. अलीकडे यशवंतगड, पुढे आंबोळगड, खाडीपलीकडे जैतापूर. (या गावाच्या नावाचे सामान्यरूप केले की ‘नाट्याच्या’ होते आणि वाचक थेट भरतमुनींकडे जातो, म्हणून मी ‘नाटे गावाच्या’ असे लिहिते.) २०११ मध्ये अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात हे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि नंतर तिथून गेले. आमचा संग्रह त्याच्या आधीपासूनचा. २००६ पासून एम.ए.चे विद्यार्थी सुट्टीत बंदरावर, वाडीत, आंब्याच्या बागांत बसून शब्द टिपत आले. जाळ्यांची नावे, वाऱ्यांची नावे, भरतीच्या पायऱ्या. अमावास्या-पौर्णिमेचे ‘उधाण’ आपल्याला कवितेतून माहीत असते; अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हणतात, हे दर्यावर पोट असणाऱ्याला माहीत असावे लागते. ओहोटीला ‘सुकती’. फेकायच्या जाळ्याला ‘पाग’. जमिनीकडून येणाऱ्या पहाटेच्या वाऱ्याला शाळेच्या भूगोलात मतलई वारा म्हणतात. बंदरावर तो ‘मतलय’ ऐकू येतो आणि आम्ही तो तसाच लिहिला. दोन हजारांच्या वर नोंदी, प्रत्येकीखाली बोलणाऱ्याचे एक तरी पूर्ण वाक्य. ज्यांच्या तोंडून ती वाक्ये आली त्यांतले बरेच जण आता नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांतल्या फाइली जुन्या फॉन्टांत टंकलेल्या होत्या. ज्यांनी त्या काळात मराठी टंकन केले आहे त्यांना अधिक सांगायला नको. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात तो रोमन लिपीतले कुठलेसे अक्षर किंवा विरामचिन्ह म्हणून साठवलेला असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की प्रश्नचिन्हे, डॉलर आणि परदेशी स्वरचिन्हे यांची खिचडी. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालापासून जागा होती. ती जागा आमच्या टेबलापर्यंत यायला दीड तप लागले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले आणि पुढे पंथाबाहेर ती वाचणारे कुणी उरले नाही. राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा मराठीचा एक पूर्ण कालखंड दृष्टीस पडला. आमची सांकेतिक लिपी वीस वर्षांतच तयार झाली होती, आणि कुणीही ती मुद्दाम केली नव्हती.

२०२२ मध्ये मूल्यांकनाच्या तयारीत हा सगळा कप्पा ‘युनिकोड करून’ घ्यायचे ठरले. काम बाहेर दिले गेले. रूपांतर करणाऱ्याने मनापासून काम केले, ही खरी अडचण. त्याने लिपी बदलली आणि त्यावर शुद्धलेखन तपासनीही फिरवली, आणि नवी फाइल जुन्या फाइलीच्याच नावाने, जुनीच्या जागी ठेवली. यंत्राला बोली कळत नाही. त्याला प्रमाण शब्दांची यादी कळते, आणि यादीत नसलेला शब्द जवळच्या शब्दाकडे ढकलायचा एवढेच त्याला शिकवलेले असते. ‘मतलय वारा’ हा ‘मतलब वारा’ झाला. ‘सुकतीला होडी काढू नये’ या वाक्यातली ओहोटी जाऊन तिथे ‘सुकटीला’ आले, म्हणजे भरतीशास्त्रातून आपण थेट स्वयंपाकघरात. ‘पाग टाकला’ याचे ‘पाय टाकला’. आडवा रफार तर कित्येक ठिकाणी नाहीसाच झाला, आणि ‘वाऱ्या’तला वारा पडला. शब्द हसण्यासारखे होते. पण शेकड्यांनी होते, आणि कुठले बदलले आहेत हे कळायला मूळ काही नव्हते. वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, सीडींवर कोकणच्या हवेने बुरशी धरली होती, विद्यार्थी पांगले होते. आरसा आपले काम चोख करीत होता: ‘मतलब’ दोन्ही डिस्कवर असणार, हे आम्ही गृहीत धरले आणि गेलेले गेले असे मानले.

आता मे २०२४. सर्व्हरवरच्या डेबियनची आवृत्ती दहावी होती, आणि तिच्या सुरक्षेची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपणार होती. डेबियनच्या आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या पात्रांवरून ठेवतात. दहावी ‘बस्टर’, अकरावी ‘बुल्सआय’, बारावी ‘बुकवर्म’. आमचे ग्रंथपाल सर पुस्तकी किडा ग्रंथालयात आणायला प्रथम राजी नव्हते. दहावरून बारावर उडी मारता येत नाही, अकरावीवरून जावे लागते. सुट्टीत, पाऊस आणि त्याबरोबरचे विजेचे लपंडाव सुरू व्हायच्या आत, हे उरकायचे होते. संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याने ते अंगावर घेतले. त्याची पद्धत साधी: आरसा जाणूनबुजून फोडायचा. एक डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि दुसरीवर अपग्रेड करायचे. जमले तर पहिली परत जोडायची, मग ती नव्याची नक्कल होते. फसले तर पहिली लावून काल जिथे होतो तिथे परत यायचे. एरवी आरशाला भूतकाळ नसतो. फोडला की एक दिवसापुरता मिळतो.

फोडण्याआधी आरसा धड आहे ना, हे त्याने पाहिले. दोन डिस्क नीट चालत असतील तर पडद्यावर चौकटी कंसात दोन ‘यू’ शेजारी शेजारी उभे असतात. आमच्या पडद्यावर एक ‘यू’ आणि शेजारी खाली एक आडवी रेघ होती. रेघ म्हणजे रिकामी जागा. एक डिस्क केव्हाच आरशातून निसटली होती आणि सर्व्हर एका डिस्कवर चालत होता. यंत्राने हे कळवलेही होते, वारंवार; पण त्याची पत्रे ‘रूट’ नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या टपालपेटीत जात होती, आणि ती पेटी आजवर कुणी उघडली नव्हती. (आपल्याकडच्या कार्यालयांची अर्धी कहाणी या एका वाक्यात आहे.)

निसटलेली डिस्क बिघडली नव्हती. तिच्या माथ्यावर ती कोणत्या क्षणापर्यंत आरशात होती याची खूण असते. तारीख होती १६ मे २०२१, दुपार. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत होते आणि वीज दिवसभर ये-जा करीत होती. अशाच एका झटक्यात ती डिस्क क्षणभर दिसेनाशी झाली असावी, आणि आरशाने तिला वगळून पुढचे पान उलटले.

सहकारी म्हणाला, “सर, डिस्क चांगली आहे. परत जोडून टाकतो, दोन-अडीच तासांत सारखी होईल. तिच्यावरचं जुनं तेवढं पुसलं जाईल. चालेल ना?”

नियमाप्रमाणे हेच बरोबर होते. मागे राहिलेली प्रत पुढे गेलेल्या प्रतीवरून दुरुस्त करायची. ग्रंथपाल सरांनी मान हलवायला सुरुवातही केली होती. मी विचारले, “जुनं म्हणजे नेमकं किती जुनं?” आणि मग खोलीत कुणीच काही बोलले नाही, कारण २०२१ नंतर २०२२ येते हे आम्हा तिघांनाही एकदमच आठवले.

ती डिस्क फक्त वाचण्यापुरती दुसऱ्या संगणकाला लावली. कप्पा होता. फाइली होत्या. उघडल्या तर डॉलर आणि प्रश्नचिन्हे, म्हणजे अस्सल. जुना फॉन्ट एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्या संगणकावर सापडला, तो बसवला, आणि पडद्यावर ‘मतलय’ आले. तीन वर्षे ज्याला बिघाड म्हणावे अशी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती आणि त्या बिघाडातच संग्रह टिकला होता. त्या तीन वर्षांत चालू असलेली एकटी डिस्क बंद पडली असती तर ग्रंथालयाच्या साऱ्या नव्या नोंदी गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. ग्रंथपाल सरांना त्याचीच आठवण होऊन घाम फुटला होता, आणि त्यांचा घाम माझ्या आनंदापेक्षा अधिक रास्त होता.

पोथ्यांचा इतिहास अशा निसटलेल्या प्रतींनी भरलेला आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. ते काम झाले नसते तर आज आपल्या हातात काय असते कोण जाणे. पण शुद्ध प्रत मान्य झाली की नकला तिच्याच होतात. तिच्या आधीच्या प्रती कुणी मुद्दाम नष्ट करीत नाही, त्या नुसत्या उतरवल्या जात नाहीत, आणि न उतरवलेली पोथी दोन-तीनशे वर्षांत आपोआप संपते. म्हणून राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा ती कुठून आली यापेक्षा ती कशी वाचली हा प्रश्न मला मोठा वाटतो. ती मुख्य रस्त्यावर नव्हती म्हणून वाचली. लीळाचरित्राची गोष्ट उलट्या टोकाची: म्हाइंभटांची मूळ प्रत धामधुमीत गेली, मग ज्यांना जसे आठवत होते तसे पुन्हा लिहिले गेले, आणि एकाऐवजी अनेक पाठ उभे राहिले. आपण या पाठभेदांना उपद्रव म्हणून शिकतो. एकही भेद नसता तर मात्र आपल्याला मूळ ग्रंथाविषयी विचारण्याजोगा प्रश्नच उरला नसता.

राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पे पाहताना हा विचार आणखी वेगळा होतो. देवाचे गोठणे, बारसू. जांभ्यात कोरलेली ती एकच प्रत, नक्कल नाही, पाठभेद नाही, आणि लिहिणाऱ्याचे नावगाव काहीच नाही. पण तो विषय वेगळा.

डिस्क पुसायची नाही हे ठरले. म्हणजे नवी विकत घेणे आले, आणि मे महिन्यात खरेदीची फाइल कुठल्या टेबलावर झोपते हे प्राध्यापकांना सांगायला नको. ग्रंथपाल सरांनी स्वतःच्या खिशातून आणली. नवी डिस्क जोडून आरसा पुरा झाला, दोन ‘यू’ दिसले, आणि लगेच, ठरल्याप्रमाणे, तो फोडण्याची तयारी. इथे आणखी एक गोष्ट उघडकीला आली. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जो छोटासा कार्यक्रम वाचते तो डिस्कच्या अगदी कडेला, आरशाच्या चौकटीबाहेर असतो. तो प्रत्येक डिस्कवर वेगळा बसवावा लागतो. मूळ मांडणी करणाऱ्याने तो एकाच डिस्कवर बसवला होता. घराचे प्रतिबिंब होते, उंबरठ्याचे नव्हते. सहकाऱ्याने तो नव्या डिस्कवरही बसवला, तिच्या एकटीवर यंत्र सुरू करून पाहिले, आणि मगच ती काढून कपाटात ठेवली.

अपग्रेड स्वतः दिवसभराचे काम निघाले. एका फाइलीत ‘बस्टर’च्या जागी ‘बुल्सआय’ लिहायचे, सुरक्षेच्या ओळीतला पत्ता नव्या पद्धतीने द्यायचा, आणि मग शेकडो पुडकी उतरत राहतात. मी जवळ बसून होते ते एका प्रश्नासाठी, जो यंत्र मधूनमधून थांबून विचारते. अमुक फाइल तुम्ही बदललेली दिसते. आम्हीही तिची नवी आवृत्ती आणली आहे. तुमची ठेवू, आमची घेऊ, की दोन्हींतला फरक दाखवू? काहीच न सांगता नुसते ‘एंटर’ दाबले तर ते तुमची ठेवते. आयुष्यभर संपादकांच्या प्रस्तावना वाचल्या, इतकी सभ्य पाठचिकित्सा फार थोड्यांनी केलेली पाहिली. २०२२ च्या रूपांतराने हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे काही घडलेच नसते. सहकारी प्रत्येक वेळी फरक पाहत होता, कधी आपली ठेवत होता, कधी नवी घेत होता. संध्याकाळी अकरावी, दुसऱ्या दिवशी दुपारी बारावी. कोहा उघडले, पुस्तक सापडले, देवघेव झाली. पंधरा दिवस वाट पाहून कपाटातली डिस्क परत जोडली. अडीच तासांनी दुसरा ‘यू’ उगवला.

राहिले शब्द. आता आमच्याकडे दोन पाठ होते, २०२१ चा आणि २०२२ चा, आणि सरसकट पहिला खरा मानणे हाही आळसच झाला असता. रूपांतर करणाऱ्याने काही खऱ्या टंकनचुका दुरुस्त केल्या होत्या. शिवाय २०२२ नंतर विद्यार्थ्यांनी नव्या पाठावर भर घातली होती. जून ते ऑगस्ट आम्ही तीन स्तंभांचा तक्ता केला: जुना पाठ, नवा पाठ, निर्णय. बहुतेक ठिकाणी निर्णय क्षणाचा होता. जिथे अडले तिथे नाटे गाठले. बंदरावर जाळी शिवत बसलेल्या एका आजींना मी वाचून दाखवले, ‘सकाळच्या भरतीला पाय टाकला’. त्या म्हणाल्या, “अगो बाय, पाय टाकून मासं गावतात व्हय? पाग गो, पाग!” आणि शेजारणीला हाक मारून तिलाही ऐकवले. त्या दुपारी आम्हाला जुन्या दोन्ही पाठांत नसलेले चार शब्द नवे मिळाले.

तक्त्यात अजून काही जागा रिकाम्या आहेत. त्यांतली एक मला सोडवत नाही. २०२१ च्या पाठात एका तांडेलांचे वाक्य आहे: ‘तिथे सात बाव पाणी.’ २०२२ च्या पाठात ‘सात वाव पाणी.’ वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे माप, खोली मोजायचे. कोश ‘वाव’च्या बाजूने आहेत, अर्थही चोख लागतो, आणि ‘बाव’ म्हणजे विहीर. टंकणाऱ्याने ‘व’चा ‘ब’ केला आणि यंत्राने या एका ठिकाणी बरोबर दुरुस्त केले, असे म्हणून पुढे जाता आले असते. विचारले तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी ‘वाव’ सांगितले. तिसरे म्हणाले, त्यांच्या वाडीत ‘बाव’च म्हणत, आजा मोजायचा तेव्हा दोरी सोडताना ‘एक बाव, दोन बाव’ असेच म्हणायचा. ते वाक्य सांगणारे तांडेल २०१३ मध्ये गेले. ते कुठल्या वाडीचे होते हे नोंदीत लिहिलेले नाही. दोन्ही स्तंभ तसेच ठेवले आहेत. जुनी डिस्क, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, ग्रंथपाल सरांच्या कपाटात आहे. तिच्यावर त्यांनी बोरूने काढावे तशा अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘१६ मे २०२१ पर्यंत. जोडू नये.’